बाबांच्या एकसष्टीसाठी फोटोग्राफीतली एखादी बिनकामाची वस्तू सुचवा

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. २० डिसेंबरला बाबांची एकसष्टी आहे. मिरजेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. ३४ वर्षं चालवला, दोन वर्षांपूर्वी बंद केला. लग्नं, मुंजी, बारशी, पासपोर्ट, शाळेचे गटफोटो, सगळं केलं. एवढ्या वर्षांत त्यांनी जी वस्तू घेतली ती एकच हिशेब करून, की किती लग्नांत पैसे वसूल होतील.

मी सातवीत असताना ते मला मुंबईला बोरा बाजारात घेऊन गेले होते. दुकानदाराने एक फिशआय लेन्स (समोरचं सगळं गोल फुगवून दाखवणारी) हातात दिली. बाबांनी ती कॅमेऱ्याला लावून माझा चेहरा बघितला आणि इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग लेन्स परत देऊन म्हणाले, "झकास आहे, पण लग्नात याचं काय करू?" परतीच्या गाडीत गप्प होते.

म्हणून मला त्यांना अशी वस्तू द्यायची आहे जिच्यातून एक रुपया कमवायचा नाही. विचित्र, गैरसोयीची, पण हातात घेतल्यावर माणूस तासभर रमेल अशी. डिजिटल कॅमेरा त्यांनी विकला, निकॉन एफएम१० हा रोलचा कॅमेरा मात्र ठेवलाय आणि तो व्यवस्थित चालतो. बजेट दहा हजारांपर्यंत.

रानवाटा
बीनबॅग. गाडीच्या खिडकीत ठेवून पक्ष्यांचे फोटो काढायला उत्तम, आणि घरीच तांदूळ किंवा मोहरी भरून शिवता येते. दुसरी रिव्हर्स रिंग. ५० मिमीची लेन्स उलटी लावली की मुंगीच्या मिशा दिसतात. काही शे रुपयांत मिळते.

कृष्णाकाठची
धन्यवाद! पण या दोन्ही फार उपयोगी आहेत. रिव्हर्स रिंग बाबांनी अंगठ्यांच्या फोटोंसाठी वापरलेलीच आहे.

भिंग
ताई, बोरा बाजारातला प्रसंग वाचून राहवलं नाही. सगळ्यात आधी मनात आलं की तीच फिशआय का देऊ नये? पण चांगली जुनी फिशआय या बजेटमध्ये मिळणं अवघड आहे. लेन्सच्या पुढे फिरवून बसवायची जी स्वस्त फिशआय भिंगं मिळतात त्यांच्यात कडा फार पुसट येतात. बाबांना ते लगेच कळेल. (फिशआयचा विषय निघाला आहे तर सांगतो, निकॉनने १९७० च्या सुमारास ६ मिमीची एक फिशआय काढली होती. तिला २२० अंशांतलं दिसतं, म्हणजे ती स्वतःच्या थोडं मागचंही बघते. वजन पाच किलोंच्या वर. बाबांना तिचा फोटो नक्की दाखवा.)

माझी सूचना काचेच्या गोळ्याची. ८० मिमीचा घ्या, त्याहून लहान नको. त्यात अख्खं दृश्य उलटं दिसतं आणि मागची दुनिया धूसर होते. कृष्णेचा घाट त्यात धरून बघा. एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगतो. हा गोळा उन्हात किंवा खिडकीत उघडा ठेवू नका. तो ऊन एका ठिपक्यावर गोळा करतो. माझ्या टेबलावरच्या सुती कापडाला दहा मिनिटांत भोक पडलं होतं, आणि मी शेजारच्या खोलीत होतो. वापरून झाला की पिशवीत घालायचा. उन्हात हातात धरतानाही जपून.

स्वारगेट_ते_सदाशिव
जुनी हेलिऑस ४४-२ बघा, ५८ मिमी, सोव्हिएत काळातली. मागची पानं गोल गोल फिरल्यासारखी येतात. वेड लागतं.

भिंग
हेलिऑस सुंदरच आहे, पण बाबांच्या बॉडीवर अडचण येईल. ती एम४२ नावाच्या, फिरवून बसवायच्या आट्यांची लेन्स आहे. त्या कॅमेऱ्यांत लेन्सची बैठक ते फिल्म हे अंतर ४५.४६ मिमी असतं, निकॉनमध्ये ४६.५. एवढ्या एका मिलिमीटरपायी लांबचं काहीच फोकस होत नाही. मध्ये काच असलेला अ‍ॅडॅप्टर लावला तर होतं, पण चित्राचा दर्जा घसरतो.

माइनकाठ
फ्रँकफर्टहून लिहितोय. आधी काय घेऊ नये ते सांगतो: लायट्रो. २०१२ साली बाजारात आलेला चौकोनी नळीसारखा कॅमेरा. फोटो काढून झाल्यावर फोकस कुठे हवा ते ठरवायचं, अशी त्याची करामत. कल्पना अद्भुत होती, पण कंपनी २०१८ मध्ये बंद पडली आणि ते हलते फोकसचे फोटो इंटरनेटवर दाखवायची सोय त्याआधीच गेली होती. जुना स्वस्तात मिळाला तरी एकसष्टीला तो देऊ नका. कंपनीवर अवलंबून असलेलं यंत्र कंपनीबरोबरच जातं.

आता बाबांना सांगण्यासारखी एक गोष्ट. माझ्या घरापासून जवळ क्रोनबर्ग नावाचं गाव आहे. तिथे युलियुस नॉयब्रोनर नावाचा औषधवाला कबुतरांकडून औषधांची ने-आण करायचा. १९०७ साली त्याने कबुतराच्या छातीवर बांधायच्या छोट्या कॅमेऱ्यासाठी पेटंट मागितलं. ठरावीक वेळाने आपोआप फोटो निघायचा. पेटंट कार्यालयाला आधी हे अशक्यच वाटलं. कबुतरांनी काढलेले फोटो दाखवल्यावर १९०८ मध्ये पेटंट मिळालं. काही फोटोंत कडेला कबुतराचे पंख आले आहेत. औषधाच्या दुकानातल्या माणसाला याची काहीच गरज नव्हती, तरी त्याने वर्षानुवर्षं खपून ते केलं. तुम्ही जी वस्तू शोधताय ती याच जातीची आहे असं मला मनापासून वाटतं.

डार्करूम
पिनहोल, म्हणजे भिंगाऐवजी सुईच्या भोकातून फोटो काढायचा. आणि ते विकत घेऊ नका, अर्धवट करून द्या, उरलेलं बाबांना करू द्या.

निकॉन बॉडीचं प्लास्टिकचं झाकण घ्या (बॉडी कॅप म्हणून कुठेही मिळतं). मधोमध सात-आठ मिमीचं भोक पाडा. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून, मागे जाड पुठ्ठा ठेवून, सुईच्या टोकाने नुसतं दाबायचं. पलीकडे आलेला उंचवटा बारीक पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा हलकेच दाबायचं. आपल्याला ०.३ मिमी हवंय. मोजायचं कसं? पत्रा स्कॅनरवर १२०० डीपीआयला स्कॅन करा. भोक साधारण १४ पिक्सेल रुंद आलं की झालं. मग तो पत्रा आतून काळ्या टेपने चिकटवा.

झालेलं भोक म्हणजे अंदाजे एफ/१५०, उजेड अगदी थोडा येतो. व्ह्यूफाइंडरमधून काहीही दिसत नाही, उजेड मोजणारा मीटर काही सांगत नाही. ४०० आयएसओचा रोल असेल तर भर उन्हात पाव सेकंद, सावलीत दोन-तीन सेकंद, घरात मिनिटं. ज्या माणसाने ३४ वर्षं "हलू नका, एक, दोन" म्हणत फोटो काढले, त्याला हे मोजणं अंगात असेल. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी जगभर पिनहोल दिन असतो, २००१ पासून. तोवर त्यांचा हात बसेल.

रोल आता महाग झाले आहेत आणि धुवून देणारेही मोजकेच उरलेत, ते लक्षात घ्या. एक प्रश्न: बाबांकडे फोटो छापायच्या कृष्णधवल कागदाची जुनी पाकिटं आहेत का? मुदत संपलेली, उघडलेली, कशीही.

कृष्णाकाठची
आईला फोन करून गुपचूप कपाट उघडायला लावलं. कागदाची दोन पाकिटं आहेत, एक उघडलेलं. रोलच्या काळ्या डब्या पिशवीभर. आमच्याकडे त्यात हळद, सुया, देवळातला अंगारा, सगळं ठेवलेलं असायचं! शिवाय मल्टी-इमेजचे दोन फिल्टर सापडले, एक तीन तोंडांचा, एक पाच. आमच्या घरातल्या निम्म्या आल्बमांत मधोमध नवरी आणि भोवती फेर धरून पुन्हा तीच नवरी आहे.

ठाण्याचा_संधिप्रकाश
ते फिल्टर जपून ठेवा! मी आत्ता लग्नांचे फोटो काढतो. आमच्या पिढीतली मुलं हातात काचेचा प्रिझम धरून लेन्सच्या अर्ध्या भागापुढे फिरवतात आणि तसंच काहीतरी मिळवतात. त्याला आता पैसेही चांगले मिळतात. बाबांना एकदा मोबाइलपुढे तो पाच तोंडांचा फिल्टर धरायला सांगा, कडी फिरवली की कसं दिसतं ते बघू द्या. फिल्टरवरची धूळ ओल्या कापडाने पुसू नका. आधी हवा मारा, मग लेन्सच्या कागदाने.

डार्करूम
कागद आहे आणि डब्या आहेत, म्हणजे काम झालं. सोलारग्राफ करा, म्हणजे सूर्याच्या वाटेचा महिनोन्महिने चालणारा फोटो. याहून बिनकामाचा आणि याहून देखणा फोटोप्रकार मला माहीत नाही.

रोलच्या काळ्या डबीला पत्र्यावरचं तसलंच सुईचं भोक. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली कागदाची पट्टी आतून गोलाकार बसवायची, भोकासमोरची जागा मोकळी ठेवून. झाकण काळ्या टेपने बंद. डबी गच्चीच्या खांबाला घट्ट बांधायची आणि सहा महिने विसरायची. रोज सूर्य जातो तशी कागदावर एक रेघ उमटते. ढगाळ दिवशी रेघ तुटते. कागद धुवायचा नाही, हायपोत (फोटो पक्का करायच्या रसायनात) टाकायचा नाही. उजेडानेच तो काळवंडतो, तांबूस-निळसर रंग येतात. बाहेर काढला की लगेच एकदाच स्कॅन करायचा, कारण स्कॅनरचा उजेडही त्याला खातो. मग संगणकावर उलटा करायचा, आरशासारखा फिरवायचा, निगेटिव्हचा पॉझिटिव्ह करायचा.

इंग्लंडमध्ये हर्टफर्डशर विद्यापीठाच्या वेधशाळेत रेजिना वाल्केनबर्ग या विद्यार्थिनीने २०१२ साली असाच एक कॅन दुर्बिणीच्या घुमटाला लावला आणि तो राहूनच गेला. २०२० मध्ये काढला तेव्हा त्यात आठ वर्षांच्या २,९५३ रेघा होत्या.

सार्वजनिक जागी लावू नका. पुलाला बांधलेली टेप गुंडाळलेली काळी डबी बघून लोक घाबरतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

कृष्णाकाठची
हेच! तारीखही किती जुळतेय, २० डिसेंबर, जवळजवळ वर्षातला सर्वांत लहान दिवस. डबी कुठल्या दिशेला लावायची? इंटरनेटवर सगळीकडे दक्षिणेला लिहिलंय.

डार्करूम
ते युरोपातल्या लोकांसाठी. लंडनला जूनमध्येही दुपारचा सूर्य दक्षिणेलाच, ६२ अंशांवर असतो, म्हणून सगळ्या रेघा चौकटीत मावतात. मिरजेत डिसेंबरमध्येच तो दुपारी ५० अंशांवर चढतो आणि ७ मेच्या आसपास बरोबर डोक्यावर येतो, आपला शून्य सावलीचा दिवस. जूनमध्ये तर उत्तरेकडे कलतो. दक्षिणेला लावलीत तर फेब्रुवारीनंतरच्या दुपारच्या रेघा चौकटीबाहेर जातील. पूर्वेला लावा. मग रेघा उभ्या येतात, किंचित उजवीकडे कललेल्या, तिरप्या पावसासारख्या. डिसेंबरची रेघ उजवीकडे, मेची डावीकडे.

आणि काहीही झालं तरी जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरवा. वळवात एखादी डबी टिकेल, मृगाच्या पावसात नाही. कागद फुगून भोकाला चिकटतो. म्हणूनच एक लावू नका, आठ-दहा लावा.

रानवाटा
डबीत तांदळाचे दाणे घालू नका, ओल शोषतील म्हणून. मी घातले होते, मुंग्या आल्या.

कृष्णाकाठची
गच्चीवरून पूर्वेला शेजारच्यांचं नारळाचं झाड आणि पाण्याची टाकी दिसते. चालेल ना? आणि डब्या मी आधीच भरून नेऊ की रिकाम्या देऊ?

डार्करूम
झाड हवंच. नुसतं आकाश असेल तर रेघांना अर्थ नाही, खाली ओळखीचं काहीतरी दिसायला हवं. झावळ्या पुसट येतील, टाकी मात्र स्पष्ट येईल.

एक डबी भरून, बांधून तयार ठेवा. बाकी नऊ रिकाम्या, कागदाच्या पाकिटासह. लाल दिवा त्यांच्याकडे असेलच. त्या एका डबीच्या भोकावर टेप ठेवा, ती वीस तारखेला पहाटे बाबांनाच काढू द्या. मिरजेत त्या दिवसांत सूर्योदय सातच्या आसपास, म्हणजे सहाला गच्चीवर चहा.