एका छपराखाली दोन शाळा: मॅग्नेटमधली विभागणी कशी मोजायची आणि कशी कमी करायची?

पोटोमॅककाठ:
नमस्कार. मेरीलँडमधल्या एका सरकारी हायस्कूलच्या पीटीएसएसाठी (पालक-शिक्षक-विद्यार्थी संघटनेसाठी) टिपण लिहायचं आहे, जाणकारांची मदत हवी आहे.

नववीला साधारण 400 मुलं. त्यातली 100 गणित-विज्ञान मॅग्नेटची (शाळेतच चालणाऱ्या खास कार्यक्रमाची), अर्जातून निवडलेली आणि काउंटीभरातून बसने येणारी. उरलेली 300 शाळेच्या हद्दीतली. मॅग्नेटचे चार विषय वेगळे शिकवतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण इंग्रजी, सामाजिक शास्त्र, स्पॅनिश हे सगळ्यांचे सामाईक विषय, आणि तिथेही मॅग्नेटची मुलं एकाच वर्गात गोळा झालेली दिसतात. महाराष्ट्रातल्या शाळांतल्या 'अ' आणि 'ड' तुकड्यांसारखं, फक्त पाटीवर तसं लिहिलेलं नाही.

हे नुसतं वाटतंय की खरंच आहे, ते आकड्यांत कसं दाखवायचं? वेळापत्रकात नेमकं काय बदलायला सांगायचं? कायद्याने शाळेला काय करता येतं आणि काय नाही? मॅग्नेट बंद करा असं कोणाचंही म्हणणं नाही.

मृद्गंध:
कायद्याचं मी सांगते, पण त्याआधी थोडा इतिहास, कारण टिपणात तो कामाला येईल.

मॅग्नेट शाळा हुशार मुलांची सोय म्हणून जन्माला आल्या नाहीत. 1954 च्या ब्राउन निकालानंतर काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकत्र शिकवणं भाग झालं, त्यासाठी मुलांना बसने दूरच्या शाळेत सक्तीने पाठवण्याला विरोध झाला, तेव्हा 'वेगळा अभ्यासक्रम ठेवू, लोक आपणहून येतील' हा मार्ग निघाला. 1968 मध्ये टॅकोमाची मॅककार्व्हर प्राथमिक शाळा, 1969 मध्ये बॉस्टनची ट्रॉटर, या सुरुवातीच्या. 1974 च्या मिलिकन निकालाने शहर आणि उपनगरांमधली मुलांची सक्तीची अदलाबदल जवळपास थांबवली आणि मॅग्नेटचं महत्त्व आणखी वाढलं. तुमच्याच भागात माँटगोमेरी ब्लेअर हायस्कूलचा गणित-विज्ञान मॅग्नेट 1985 चा, त्यामागेही हाच विचार होता. अडचण इथेच आहे: हिशेब इमारतीचा ठेवला गेला. दारातून आत येणाऱ्या मुलांचं प्रमाण बरोबर दिसलं की काम झालं असं मानलं गेलं, दाराच्या आत कोण कोणाशेजारी बसतं ते मोजलं गेलं नाही.

आता कायदा. 2007 मध्ये सिएटलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकेका मुलाचा वंश बघून शाळा ठरवण्याची तिथली पद्धत रद्द केली. त्यामुळे 'प्रत्येक वर्गात इतकी काळी, इतकी लॅटिनो, इतकी आशियाई मुलं घाला' अशी मागणी टिपणात चुकूनही करू नका, शाळेचा वकील पहिल्याच वाक्याला अडवेल. 'मॅग्नेट' आणि 'हद्दीतली' ही शाळेची स्वतःची प्रशासकीय वर्गवारी आहे. त्या वर्गवारीने सामाईक विषयांचे वर्ग मिसळायला अशी आडकाठी नाही. पत्ता, घरचं उत्पन्न, आधीची शाळा हे निकषही चालतात. शेजारच्या फेअरफॅक्समध्ये थॉमस जेफरसन हायस्कूलने 2020 मध्ये प्रवेशपरीक्षा काढली आणि प्रत्येक मिडल स्कूलच्या आठवीच्या 1.5 टक्के मुलांना जागा राखल्या. ते धोरण अपील न्यायालयात 2023 मध्ये टिकलं आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये त्यात हात घालायला नकार दिला.

आणखी एक तपासा: शाळेला केंद्राचं मॅग्नेट अनुदान मिळतं का? मिळत असेल तर हद्दीतल्या मुलांना त्या कार्यक्रमात प्रवेशासाठी न्याय्य विचार मिळेल अशी लेखी हमी डिस्ट्रिक्टने (शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) अर्जात दिलेली असते. तो अर्ज मागवून घ्या. केंद्राच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रारीची मुदत घटनेपासून 180 दिवस. मात्र मार्च 2025 मध्ये त्यांची 12 पैकी 7 प्रादेशिक कार्यालयं बंद करायचं ठरलं, तेव्हा त्या वाटेने लवकर काही हाती लागेल असं धरून चालू नका.

वजाबाकी:
मोजण्याबद्दल. तुमच्या प्रश्नाला विषमता निर्देशांक पुरेसा आहे. प्रत्येक वर्गासाठी दोन अपूर्णांक काढा: सगळ्या मॅग्नेट मुलांपैकी किती या वर्गात, आणि सगळ्या हद्दीतल्या मुलांपैकी किती या वर्गात. दोन्हींतला फरक घ्या, चिन्ह सोडून द्या, सगळ्या वर्गांची बेरीज करा, दोनाने भागा. उत्तर 0 ते 1 मध्ये येतं.

उदाहरणादाखल, नववीच्या इंग्रजीचे 25-25 मुलांचे 16 वर्ग. त्यातल्या 5 वर्गांत मिळून 80 मॅग्नेट आणि 45 हद्दीतली, उरलेल्या 11 वर्गांत 20 मॅग्नेट आणि 255 हद्दीतली मुलं. पहिल्या गटाचा फरक 0.80 वजा 0.15, म्हणजे 0.65. दुसऱ्याचा 0.85 वजा 0.20, तोही 0.65. बेरीज 1.30, निम्मे 0.65. (प्रत्येक गटातल्या सगळ्या वर्गांचा कल एकाच बाजूला आहे असं धरलंय, म्हणून गटाने हिशेब चालला. प्रत्यक्षात वर्गवारच करा.) अर्थ असा की वाटणी समान व्हायला 65 टक्के मॅग्नेट मुलांचा वर्ग बदलावा लागेल.

इथे हमखास एक चूक होते. लोक 0 शी तुलना करतात. 25 च्या वर्गात नुसत्या चिठ्ठ्या टाकून मुलं वाटली तरी या उदाहरणात निर्देशांक साधारण 0.18 येतो, कारण वर्ग लहान आहेत. त्यामुळे 0.20 आला तर गप्प बसा, 0.40 च्या वर गेला तर बोला. आणि प्रत्येक विषयाचा वेगळा काढा. सगळे विषय एकत्र केले की मॅग्नेटचे चार विषय आकडा फुगवतात आणि मुख्याध्यापक रास्तपणे म्हणतात, 'ते तर वेगळेच असणार.'

आकडे मिळवायचे मेरीलँडच्या पब्लिक इन्फर्मेशन ॲक्टखाली. आपल्या माहिती अधिकाराचाच भाऊ समजा, इथेही 30 दिवस. शोधकामाचे पहिले दोन तास फुकट. अर्जात 'विभागणीची माहिती द्या' असं लिहिलं तर 'असा कागद अस्तित्वात नाही' हे उत्तर येईल, कारण नवं विश्लेषण करून द्यायला ते बांधील नसतात. रकाने मागा: विषयाचा कोड, वर्ग क्रमांक, तासिका, एकूण मुलं, त्यातली मॅग्नेटची. आणखी एक अडचण म्हणजे, खासगीपणासाठी 10 पेक्षा लहान आकडे बहुधा झाकून देतात आणि तुमच्या बहुतेक वर्गांत मॅग्नेटचा आकडा 10 च्या खालीच असणार. म्हणून त्याच अर्जात पर्याय लिहा: वर्गवार आकडे देता येत नसतील तर शाळेने स्वतः निर्देशांक काढून फक्त विषयवार उत्तर द्यावं. सूत्र सोबत जोडा.

शाळेच्या सरासरी निकालावरही विसंबू नका. समजा 1200 मुलांच्या शाळेत 400 मॅग्नेटची, त्यातली 95 टक्के गणितात अपेक्षित पातळी गाठलेली, आणि 800 हद्दीतल्यांपैकी 35 टक्के. शाळेची सरासरी 55 टक्के दिसते. 35 चा आकडा कुठल्याच अहवालात छापला जात नाही, आणि त्या 800 मुलांसाठी कोणी जादा शिक्षकही मागत नाही. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे.

तासपत्रक:
सामाईक विषयांतली विभागणी बहुतेक वेळा कोणी मुद्दाम केलेली नसते, वेळापत्रक ती तयार करतं. कसं ते पाहा.

दिवसाच्या 7 तासिका. मॅग्नेट मुलाचे 4 विषय मॅग्नेटचे, बाकी इंग्रजी, सामाजिक शास्त्र आणि एक भाषा किंवा संगीत. शिक्षकांच्या सोयीसाठी मॅग्नेटचे सगळे वर्ग 1 ते 4 तासिकांत बसवले, तर 100 च्या 100 मुलं फक्त 5, 6, 7 या तासिकांत मोकळी. इंग्रजीचे 16 वर्ग दिवसभर पसरलेले, शेवटच्या तीन तासिकांत त्यातले साधारण 7. म्हणजे 100 मुलं 7 वर्गांत, प्रत्येकी 14. वर्गाच्या निम्म्याहून जास्त! त्यातच स्पॅनिशच्या वरच्या पातळीचा एकच वर्ग असेल आणि तो सहाव्या तासिकेला असेल, तर ती मुलं इंग्रजीलाही एकत्रच सरकतात.

उपाय: मॅग्नेटचे दोन गट करा. 50 मुलांचे मॅग्नेट विषय 1 ते 4, दुसऱ्या 50 चे 4 ते 7. आता प्रत्येक गटासाठी इंग्रजीचे साधारण 7 वर्ग मोकळे, आणि वर्गात मॅग्नेटची सरासरी 14 वरून 7 वर येते. अगदी समान वाटणी 6.25 असते, म्हणजे जवळपास पोचलात. याची किंमत आहे ती ओळखून ठेवा: शिक्षक साधारण 7 पैकी 5 तासिका घेतो, त्यामुळे मॅग्नेटचे शिक्षक सकाळ-दुपार विभागावे लागतात आणि त्यांची एकत्र नियोजनाची मोकळी तासिका जाते. ते विरोध करतील, आणि त्यांचा मुद्दा खोटा नाही. चौथ्या तासिकेत दोन्ही गटांचे वर्ग एकदम चालतात, तेव्हा प्रयोगशाळा पुरतात का तेही आधी मोजून घ्या.

दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरची. मॅग्नेट मुलांना सोयीसाठी एका 'टीम'चं लेबल लावलेलं असतं. ते सगळ्या विषयांना लागू राहिलं तर यंत्र त्यांना इंग्रजीतही एकत्र ठेवतं. लेबल फक्त चार विषयांपुरतं ठेवा आणि सामाईक वर्गांना कमाल मर्यादा घाला, 25 मध्ये 10. किमान मर्यादाही हवी: 25 मध्ये एकटंदुकटं मूल टाकलं तर मिसळणं होत नाही, ते एकटं पडतं.

तिसरी, ऑगस्ट. जूनमध्ये छान बसलेलं वेळापत्रक शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात हाताने केलेल्या बदलांनी विस्कटतं. अमुक मित्रासोबत हवं, तमुक शिक्षक हवेत. बदलाला ठरावीक कारणं मान्य करा (चुकीची पातळी, पदवीसाठी लागणारा विषय, प्रकृती) आणि सप्टेंबरच्या अखेरीस निर्देशांक पुन्हा काढा.

विषयांची निवड बहुतेक ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीत होते आणि किती वर्ग उघडायचे ते मार्च-एप्रिलमध्ये ठरतं. तुमचं टिपण मेमध्ये पोचलं तर एक वर्ष गेलं.

अकरावी-बारावीच्या मॅग्नेट ऐच्छिक विषयांकडेही पाहा. पुस्तिकेत पूर्वअट 'मॅग्नेटचा अमुक कोर्स' अशी लिहिलेली असेल तर हद्दीतल्या मुलाला दार बंद. तीच अट 'अल्जेब्रा 2 मध्ये किमान बी' अशी लिहिली तर रिकाम्या जागा भरतात. पैसा लागत नाही, फक्त एक ओळ बदलावी लागते.

चिंचेचं_झाड:
तासपत्रक यांचं सगळं पटलं, पण मुळापाशी जायचं तर दरवाजा पाहावा लागेल, म्हणजे निवड. नववीतली विभागणी पाचवी-सहावीच्या गणितात ठरून गेलेली असते.

फ्लोरिडातल्या एका मोठ्या डिस्ट्रिक्टचा अनुभव डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थतज्ज्ञांनी तपासला आहे. तिथे गिफ्टेड (हुशार मुलांच्या खास) कार्यक्रमासाठी आधी शिक्षक किंवा पालक नाव सुचवत, मग बुद्ध्यांक चाचणी होई. 2005 पासून दुसरीच्या सगळ्या मुलांची शब्दविरहित चाळणी चाचणी सुरू झाली आणि गिफ्टेड कार्यक्रमातली काळ्या, लॅटिनो आणि गरीब घरच्या मुलांची संख्या खूप वाढली. त्यासाठी पात्रतेची किमान अट सैल केलेली नव्हती. आधी त्यांचं नाव कोणी सुचवलंच नव्हतं. पुढे पैशांअभावी ती चाळणी बंद पडली आणि फायदा ओसरला.

त्याच डिस्ट्रिक्टची दुसरी गोष्ट इथे काहींना खटकेल. चौथी-पाचवीत एखाद्या शाळेत एकही गिफ्टेड मूल असेल तर वेगळा वर्ग काढायचा, आणि उरलेल्या जागा त्याच शाळेतल्या, आदल्या वर्षी सर्वाधिक गुण मिळवलेल्या मुलांनी भरायच्या, असा नियम होता. त्या जागांवर आलेल्या काळ्या आणि लॅटिनो मुलांना वाचन-गणितात मोठा लाभ झाला, आणि बाहेर राहिलेल्यांचं नुकसान आढळलं नाही. म्हणून मी सरसकट 'वेगळा वर्ग वाईट' म्हणणार नाही. जागा कोणाला आणि कशा मिळतात, त्यावर सगळं आहे. याच्या उलट टोक म्हणजे वॉशिंग्टन डीसी. तिथली मुलांना ट्रॅकमध्ये (क्षमतेनुसार पाडलेल्या गटांत) टाकण्याची पद्धत न्यायाधीश स्केली राइट यांनी 1967 मध्ये रद्द केली, कारण चाचण्या गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांवर बेतलेल्या होत्या आणि एकदा खालच्या ट्रॅकमध्ये गेलेलं मूल क्वचितच वर येई.

सगळ्यांसाठी एकच पातळी करणं हा उपाय मी तरी सुचवणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोने 2014 पासून आठवीतला अल्जेब्रा काढून टाकला आणि 2024 मध्ये तो परत आणायचं ठरवलं. त्यापेक्षा टेक्ससचा 2023 चा कायदा बघा: पाचवीच्या गणितात वरच्या 40 टक्क्यांत येणाऱ्या मुलाचं नाव सहावीच्या प्रगत गणितात आपोआप घातलं जातं, नको असेल तर पालकांनी लेखी कळवायचं. नॉर्थ कॅरोलिनातही 2018 पासून गुणांवरून थेट प्रवेशाचा असाच नियम आहे. 'अर्ज करा' याऐवजी 'नको असेल तर कळवा' एवढा बदल केला की ज्या घरात इंग्रजी पत्रं कोणी वाचत नाही, तिथलं मूलही सुटत नाही.

पोटोमॅककाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. निर्देशांक इंग्रजी आणि सामाजिक शास्त्राचा मागवते, पूर्वअटींची यादीही काढते. एकच राहिलं: तासाबाहेरचं काय? मॅग्नेटच्या बस शाळा सुटल्यावर लगेच निघतात.

तासपत्रक:
तिथे क्लबच दोन होतात, एक जेवणाच्या सुटीतला आणि एक शाळा सुटल्यानंतरचा. आठवड्यातून किमान दोन दिवस उशिराची बस मागा आणि ती मॅग्नेटच्या सगळ्या थांब्यांवर नाही, मोजक्या मध्यवर्ती थांब्यांवर जाईल असं सुचवा. खर्चाचा आकडा त्यामुळेच आवाक्यात राहतो. रोबोटिक्स, गणित मंडळ, शाळेचं वार्तापत्र यांच्या बैठका त्याच दोन दिवशी ठेवायला सांगा, नाहीतर बस रिकामी धावेल आणि पुढच्या वर्षी बंद होईल. सुटी सगळ्यांची एकाच वेळी असेल तर मॅग्नेटच्या प्रयोगशाळा जेवणाच्या वेळी फक्त त्यांच्यासाठी उघड्या ठेवू नयेत, हेही लिहा. उघडायच्या तर सगळ्यांना.