‘अन्य भाषा’ : यातील ‘अन्य’ कोणाचे?

मराठी बायबलात पौल या प्रेषिताच्या पत्रात येणाऱ्या ‘अन्य भाषा’ या शब्दांतील ‘अन्य’ कोणाचे, असे आपण विचारले. हे विशेषण पौलाचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात, दुसऱ्या वचनात, मूळ ग्रीकमध्ये नुसते ‘ग्लोस्सा’ आहे, आणि त्याचे जीभ व भाषा असे दोन्ही अर्थ होतात. ‘अन्य’ या अर्थाचा शब्द खरोखर येतो तो लूक याने लिहिलेल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलातील पुस्तकात (२:४). तेथे मात्र आपल्या प्रचलित मराठी बायबलात ‘निरनिराळ्या’ असे आहे. त्याच्या आधीच्या वचनातील अग्नीच्या जिभा, त्याही ग्लोस्साच. येथे सोलापुरात एका तेलुगूभाषक आजींना मी हे सांगत होतो, तेव्हा त्यांनी जिभेला बोट लावून “ही नालुका, आणि ही बोलते ती भाषा” असे म्हटले. मराठीची अडचणही नेमकी हीच आहे.

या अडचणीपाशीच पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या ख्रिस्ती पंथांतील, वाचकांच्या वाटा फुटतात. अमेरिकेतील टोपेका येथील उपदेशक चार्ल्स पारहॅम यांनी १९०१ पासून असे शिकवले की, आत्म्याच्या प्रेरणेने बोलल्या जाणाऱ्या या भाषा न शिकता मिळालेल्या, पण जगात कोठेतरी बोलल्या जाणाऱ्या भाषा आहेत. कृत्यांतील श्रोत्यांना आपापली बोली ऐकू येते, हा त्याला आधार. अमेरिकन मिशनरी आल्फ्रेड गार याच विश्वासाने १९०७ च्या सुमारास कलकत्त्यास आले, परंतु त्यांना बंगालीत उपदेश करता आला नाही. पुढे हे देवाशी केलेले, माणसांना न समजणारे बोलणे आहे, हा पौलाच्या पत्राला धरून केलेला अर्थ बळावला.

दुसरा वाद खुणेचा, म्हणजे पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा मिळाल्याची खूण भाषा बोलणे हीच का, हा. कृत्यांत तीन प्रसंगी (अध्याय २, १० व १९) भाषा बोलल्याचे लिहिले आहे, म्हणून तोच सर्वांसाठी नमुना मानणारे पुष्कळ आहेत. आपल्या पुणे मार्गावरील केडगावात १९०५ मध्ये ख्रिस्ती धर्मजागृती झाली, तेथील पंडिता रमाबाईंनी मात्र भाषा ही एक खूण मानली, एकमेव नव्हे. बायबलचे अभ्यासक गॉर्डन फी हे स्वतः पेंटेकॉस्टल असूनही, लेखकाचा हेतू दिसल्याशिवाय घडलेली हकीकत नियम ठरत नाही, असे म्हणत. लूक हाही धर्मविचार मांडणारा लेखक आहे, त्याला पौलाच्या चष्म्यातून वाचू नये, हे पेंटेकॉस्टल अभ्यासक रॉबर्ट मेंझीस यांचे उत्तर मला अधिक विचारात पाडते.

म्हणून पत्रातील वचन वाचताना मी ‘अन्य’ गाळून नुसते ‘भाषा’ म्हणतो, आणि कृत्यांत ‘इतर भाषा’ म्हणतो.