व्यसनाच्या तलफेवरील प्राणीप्रयोग: यातून माणसाबद्दल खरोखर किती कळते?

सारासार (चर्चाप्रस्ताव):
हा प्रयोग गेली अनेक दशके थोड्याफार फरकाने होत आला आहे. उंदराच्या शिरेत बारीक नळी बसवतात; त्याने पिंजऱ्यातली कळ दाबली की दिवा लागतो आणि कोकेन किंवा हेरॉइनची ठरावीक मात्रा थेट रक्तात जाते. सवय मुरल्यावर पुरवठा बंद करतात. काही दिवस उंदीर कळ दाबत राहतो, हाती काही लागत नाही म्हणून हळूहळू नाद सोडतो. मग त्याला अमली पदार्थाची लहानशी मात्रा टोचतात, तोच दिवा पुन्हा लावतात किंवा पायाला विजेचा सौम्य झटका देतात. तो पुन्हा कळीकडे वळला की त्याचे व्यसन पुन्हा उफाळले, असा निष्कर्ष निघतो.

माझा आक्षेप या निष्कर्षाला आहे. माणूस व्यसन सोडतो ते बहुधा तब्येत, नोकरी, संसार यांची झालेली धूळधाण पाहून, पदार्थ उपलब्ध असतानाही. उंदराने मात्र काहीच सोडलेले नसते, आपणच त्याचा पुरवठा तोडलेला असतो. याचा परिणाम औषधांच्या शोधावरही झाला आहे. ताणाच्या वेळी मेंदूत काम करणाऱ्या सीआरएफ या रसायनाचा मार्ग अडवला की झटक्यानंतरचे कळ दाबणे कमी होते, हे उंदरांत वारंवार दिसले होते. त्याच धर्तीची पेक्सासरफॉन्ट आणि व्हेरुसरफॉन्ट ही औषधे दारूचे व्यसन असलेल्या रुग्णांना दिली गेली, तेव्हा त्यांची तलफ कमी झाली नाही. अशा प्रयोगांसाठी प्राण्यांना वेदना देण्याचे समर्थन कसे करायचे?

अन्वय (प्रतिसाद):
सारासार, दोन औषधे फसली हे खरे, पण हिशेब एकाच बाजूने मांडू नये. दारूच्या व्यसनावरील नाल्ट्रेक्सोन या औषधाच्या १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांमागे उंदीर आणि माकडांवरचे काम होते, आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या उपयोगाला मान्यता दिली.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा तलफ कालांतराने कशी बदलते हा आहे. पदार्थ बंद झाल्यावर ती रोज थोडीथोडी ओसरत जाईल, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. २००१ मध्ये ग्रिम, होप, वाइज आणि शाहम यांनी कोकेन बंद केलेल्या उंदरांत नेमके उलटे दाखवले: कोकेनशी जोडलेला दिव्यासारखा संकेत दिसल्यावर कळ दाबण्याचे प्रमाण पहिल्या दिवशी कमी होते आणि पुढच्या काही आठवड्यांत ते वाढत गेले. २०१६ मध्ये कोकेन सोडलेल्या माणसांच्या मेंदूचे विद्युत आलेख तपासले गेले, तेव्हा कोकेनची चित्रे पाहिल्यावर उमटणारा प्रतिसाद सुरुवातीपेक्षा काही महिन्यांनी अधिक तीव्र आढळला, जरी ‘तलफ किती आहे’ या प्रश्नाला ती माणसे उत्तरोत्तर कमी आकडा देत होती. म्हणजे रुग्णाच्या तोंडी उत्तरात न येणारी गोष्ट उंदराच्या कळीने आधी सांगितली होती. रुग्णाला बरे वाटू लागते, घरचेही निर्धास्त होतात, आणि नेमका तोच काळ जोखमीचा असतो; उपचार किती महिने चालू ठेवायचे हे ठरवताना याकडे दुर्लक्ष कसे करणार?

तिसरी बाजू (प्रतिसाद):
दोघांचेही म्हणणे वाचून वाटते की पिंजऱ्याकडे कोणी पाहतच नाही. एकट्या उंदरापुढे एकच कळ ठेवली तर तो दुसरे करणार काय? २०१८ मध्ये वेनिरो आणि शाहम यांच्या गटाने उंदरांना दोन कळी दिल्या, एक मेथॅम्फेटामाइन या अमली पदार्थाची आणि दुसरी सोबती उंदराकडचे दार उघडणारी. उंदरांनी जवळजवळ नेहमी सोबत्याचे दार उघडले. त्याआधी २००७ मध्ये अहमद यांच्या गटाच्या प्रयोगात बहुसंख्य उंदरांनी कोकेन सोडून सॅकरिनचे गोड पाणी पसंत केले होते. (‘रॅट पार्क’चे, म्हणजे उंदरांना ऐसपैस जागेत सोबत्यांसह ठेवून केलेल्या प्रयोगाचे, उदाहरण आता कोणी तरी देईलच; पण त्या जुन्या प्रयोगाची पुनरावृत्ती करणाऱ्यांना सारखेच निकाल मिळालेले नाहीत, म्हणून मी त्यावर भिस्त ठेवत नाही.) प्रयोग बंद करण्याची गरज नाही, पर्यायाविना केलेले प्रयोग मात्र स्वीकारू नयेत.

सारासार:
सोबतीचा मुद्दा मला पटतो, पण तो माझ्याच बाजूचा आहे. पदार्थापासून दूर राहिल्याबद्दल रुग्णाला ठोस मोबदला द्यायचा, ही उपचारपद्धती १९९०च्या दशकातच माणसांवर परिणामकारक ठरली होती. उंदरांचे दार नंतर उघडले. तलफ पहिल्या काही आठवड्यांत वाढत जाते हेही कोकेनच्या रुग्णांकडे पाहून गॅविन आणि क्लेबर यांनी १९८६ मध्येच सुचवले होते. प्राण्यांकडून आपल्याला दुजोरा मिळतो, नवी दिशा क्वचितच.

अन्वय:
दुजोरा म्हणून हे मोडीत काढता येणार नाही. कोकेनला कधीही न शिवलेल्या माणसाला ते देऊन तो व्यसनी होतो का, हे पाहणे कोणत्याही नीतिसमितीला मान्य होणार नाही. २००४ मध्ये डेरोश-गामोने यांच्या गटाने हे उंदरांत तपासले: सगळ्यांना सारखेच कोकेन मिळूनही, पुरवठा नसतानाही मागत राहणे, पदार्थासाठी खूप कष्ट घेणे आणि झटका सोसूनही कळ दाबत राहणे हे व्यसनाचे तिन्ही निकष पूर्ण करणारे उंदीर सुमारे १७ टक्केच निघाले. बाकीचे का सुटले, याचा शोध व्यसनमुक्ती केंद्रात घेता येत नाही, कारण सुटलेली माणसे तिथे येतच नाहीत. हे काम प्राण्यांवाचून कसे करायचे, ते सारासार यांनी सांगावे.