गच्चीवर बिनमातीची भाजी: ‘रोज पाच मिनिटं’ असं सांगणं थांबवा

काळी_माती, पुणे

परवा इथे एका ताईंनी लिहिलं होतं की गच्चीवर सहा पाइप लावा, त्यांतून खत विरघळवलेलं पाणी पंपाने फिरवा, रोज पाच मिनिटं द्या, बाराही महिने घरची पालेभाजी खा, शिवाय ९० टक्के पाणी वाचवा. खाली लोकांची रांग लागलीय, “कुठून घेतलं, कितीला पडलं”. मला ते वाचून राहवलं नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मी १४ हजार रुपये घालून हेच केलं. चार इंची पाइप, ७२ भोकं, १०० लिटरची टाकी, पाण्यात बुडवायचा पंप. डिसेंबर-जानेवारीत लेट्यूस, पालक, पाक चोय असं काही आलं की शेजाऱ्यांना वाटूनही उरायचं. मार्च संपता संपता पानं दुपारची माना टाकायला लागली. एप्रिलात तीन वाजता टाकीत थर्मामीटर बुडवला, तर ३५ अंश. भोकातली जाळीची कुंडी उचलून पाहिली. मुळं चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी झालेली. बोटांत धरून ओढलं की वरची साल सुटून हातात यायची आणि आत दोऱ्यासारखी शीर तेवढी उरायची. वास नाल्यासारखा.

पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० ला साडेसात. मुळांना मात्र उकाड्यात तो जास्तच लागतो. मुळं कुजवणाऱ्या पिथियम नावाच्या बुरशीसारख्या जीवाला असंच आयतं सावज हवं असतं. त्यात एकदा आम्ही लग्नाला गेलो आणि चार तास वीज गेली. पाइपांत थेंब नाही. परत आलो तेव्हा ७२ पैकी ५० रोपं मेलेली. त्याच गच्चीवर मातीच्या कुंडीतला माठ दोन दिवस पाण्याविना उभा होता.

आणि त्या ९० टक्क्यांत दर पंधरा दिवसांनी मोरीत ओतलेलं १०० लिटर द्रावण कुणी धरतं का?

हिरवी_फांदी, नाशिक

तुम्हाला खटकलेलं ते लिखाण माझंच. तुमची मुळं कुजली याचं वाईट वाटलं, पण तुम्ही एप्रिलात लेट्यूस लावलंत आणि टाकी उन्हात ठेवलीत, त्याचा दोष पद्धतीला कसा?

माझी टाकी जिन्याखाली सावलीत आहे. पाइपांना पांढरा रंग दिलाय, वर ५० टक्क्यांची शेडनेट आहे. फेब्रुवारीच्या शेवटी लेट्यूस, पालक बंद, मग लाल माठ, अंबाडी, पुदिना. ईसी (पाण्यात खत किती विरघळलंय त्याचं माप) १.२ ते १.६, पीएच (पाण्याची आम्लता) साडेपाच ते साडेसहा, दोन्ही रोज सकाळी बघते. द्रावण मोरीत ओतत नाही, पाणी घालून पातळ करते आणि जास्वंदीला देते.

माझी आई ७२ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे गेलेत, तिला खाली बसता येत नाही. गावी तिचं परसू होतं, इथे चार वर्षं ती नुसती खिडकीशी बसून असायची. पाइप कमरेच्या उंचीला लावले आणि आता रोज सकाळी तीच पानं खुडते. तुम्ही “थांबवा” म्हणता तेव्हा मला ती दिसते.

काळी_माती

आईंना माझा नमस्कार. त्यांच्याबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. पण रोज ईसी, रोज पीएच, शेडनेट, जिन्याखालची टाकी, हे सगळं तुमच्या लिखाणात कुठे होतं? तिथे पाच मिनिटंच होती. आणि जास्वंद कशात लावलीय? मातीतच ना?

वऱ्हाडी, नागपूर

आमच्याकडे मे महिन्यात ४५. बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडून पाहिल्या, तासाभरात पाणी होतं तसं गरम. ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढाच खेळ आहे इथे. तेवढ्यात मी क्रॅटकी पद्धतीचे थर्माकोलचे खोके वापरतो. पंप नाही, वीज नाही. झाड पाणी पितं, पातळी खाली जाते आणि वरच्या मुळांना हवा मिळते. झाकण मात्र घट्ट बसवा, नाहीतर डेंग्यूचे डास तुमच्याच घरी वाढतील.

समुद्रकाठ, रत्नागिरी

पावसाचं कुणीच बोलत नाही. जूनच्या एका रात्रीत माझी टाकी भरून वाहिली. ईसी दीडवरून ०.३. खताचे पैसे शब्दशः पाण्यात गेले. कोकणात वर पत्रा नसेल तर उघड्यावर हे करू नका.

पाचवा_मजला, ठाणे

तुमचं मातीत की पाण्यात ते चालू द्या. आमच्या डोक्यावर थेट गच्ची आहे आणि तिथे एकांनी सभेला न विचारता मातीचे २० वाफे केलेत. आमच्या झोपायच्या खोलीच्या छताचं प्लास्टर मुलीच्या पलंगावर पडलं. ती तेव्हा शाळेत होती म्हणून वाचली. तीन पत्रं दिली. उत्तर काय, तर “पर्यावरणासाठी थोडं सहन करा.” गच्ची सगळ्यांची असते हो, एकट्याची नसते!

काळी_माती

वाफ्यांनी गळत नाही, वॉटरप्रूफिंग गेलेलं असतं म्हणून गळतं. उगाच मातीवर खापर नको.

पाचवा_मजला

उगाच? या, आमच्या खोलीत झोपून दाखवा पावसाळ्यात!

ओळंबा, पुणे

मी ३० वर्षं बांधकामात आहे, म्हणून मध्ये बोलतो. ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब आपल्या मानकाप्रमाणे चौरस मीटरला १५० किलो चलभार, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, धरून काढतात. एक फूट जाडीची ओली माती तेवढ्याच जागेत ५०० किलोच्या आसपास भरते. आणि वाफ्याखाली ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गळती रोखणारा विटांच्या तुकड्यांचा थर, कधी सुकतच नाही, एखादं झाड असेल तर मुळं सांध्यात शिरतात. तेव्हा काळी_माती, वॉटरप्रूफिंग आपोआप जात नाही. पाइपवाल्यांनीही खूश होऊ नये, १०० लिटरची टाकी म्हणजे एका जागी १०० किलो. ती तुळई किंवा भिंतीच्या माथ्यावर ठेवा. आणि पाचवा_मजला, गच्चीच्या गळतीची दुरुस्ती उपविधींप्रमाणे सोसायटीच्या खर्चाने होते. चौथं पत्र त्या शेजाऱ्याला नको, समितीला द्या.

पाचवा_मजला

समितीचे सचिव तेच आहेत.

पालापाचोळा, कोल्हापूर

फूटभर माती घालायला सांगितलंय कुणी? श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवार या शेतीप्रयोगांच्या चळवळीतून आम्ही शिकलो ते पाल्यापाचोळ्याचं हलकं मिश्रण, अर्धा फूटही पुरतं. वजन मातीच्या निम्म्याहून कमी. घरचा ओला कचरा जिरतो. पाइपवाल्यांचा कचरा जातो कुठे? घंटागाडीत. आणि वर भाजीला कॅल्शियम नायट्रेटसारखं रासायनिक खत पाजायचं, त्याला घरची भाजी म्हणायचं.

हिरवी_फांदी

तुमच्या पाचोळ्यातला नत्रही जिवाणूंनी नायट्रेट केल्यावरच मूळ बहुतेक घेतं. मुळाला पिशवीवरचं नाव वाचता येत नाही. मी काही लपवलेलं नाही, ‘सेंद्रिय’ हा शब्द मी एकदाही वापरलेला नाही.

पालापाचोळा

मुळाला नसेल वाचता येत, जिभेला येतं. घरी या, मातीतली मेथी खाऊन जा, मग बोलू.

हिरवी_फांदी

मेथीचं मान्य. पाइपातली मेथी मलाही पाणचट लागली, दोनदा लावून सोडून दिली. पुदिन्याबद्दल मात्र ऐकून घेणार नाही.

आणि काळी_माती, ते पाच मिनिटांचं वाक्य मी काढलंय. आता तिथे “रोज २० मिनिटं, उन्हाळ्यात दोनदा” असं आहे. ‘बाराही महिने लेट्यूस’ असं मी म्हटलं नव्हतं, पण वाचणाऱ्याचा तसा समज होतो, तेही दुरुस्त केलं. खताची अ आणि ब ही दोन द्रावणं घट्ट असताना एकत्र करू नका, हेही घातलं. पहिल्यांदा मी दोन्ही एकाच बादलीत ओतले होते. दुधासारखं पांढरं झालं आणि तळाशी चुनखडीगत साका बसला. कॅल्शियम सगळं खाली गेलं, नवी पानं कडेने करपली.

काळी_माती

वाक्य काढलंत, बरं केलंत. टाकी उन्हात ठेवली ही माझी चूक, कबूल. विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पाइप अजून माळ्यावर आहेत. ऑक्टोबरात उतरवीन, पण ३६ भोकांवरच, आणि वीज गेली तर तासभर तरी पाणी राहील असं टोकाला बूच लावून. मातीच्या कुंड्या मात्र काढणार नाही.

ओळंबा, माझ्या चार कुंड्या थेट कोब्यावर आहेत. खाली विटा देऊन उचलल्या तर चालेल ना?

ओळंबा

चालेल. चार बोटं तरी उंच ठेवा, खालून वारा फिरला पाहिजे. आणि तुळईच्या रेषेत मांडा.

पाचवा_मजला

हेच आमच्या सचिवांना कुणीतरी लिहून द्या. त्या १५० किलोंच्या मानकाचा क्रमांक काय?

ओळंबा

आयएस ८७५, भाग २. पत्रात तेवढं लिहा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल मागा. पावसाळ्याआधी.