अनुभव धागा: पॉवर स्टिअरिंगमध्ये भलतंच ऑईल पडलं तेव्हा

गेल्या महिन्यात जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय. तुमच्या हातून, किंवा तुमच्या गाडीत दुसऱ्या कुणाच्या हातून असं झालं असेल तर काय पडलं, कधी लक्षात आलं, पुढे गाडीचं काय झालं, ते कृपया सविस्तर लिहा. सुरुवात मी करतो.

बाबांची 2009 ची इनोव्हा. गुहागरहून कराडला निघालो होतो. बाबा शेजारी, आई आणि मुलं मागे. चिपळूणला चहाला थांबताना स्टिअरिंग वळवलं की घूंऽऽ असा आवाज यायला लागला. बॉनेट उघडून पाहिलं तर स्टिअरिंगच्या डबीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली. समोरच्या दुकानात म्हणालो, "स्टिअरिंगला टाकायचं ऑईल द्या." पिवळसर बाटली मिळाली. तिच्यावर डॉट 3 (ही ब्रेक ऑईलची प्रत) लिहिलेलं मी वाचलं होतं, तरी ओतलं. अंदाजे दीडशे मिली.

कुंभार्ली घाटात पहिली काही वळणं नीट गेली. मग एका वळणावर स्टिअरिंग एकदम जड झालं, आणि समोरून एसटी उतरत होती. बाबांनी काही न बोलता चाकाला हात घातला आणि दोघांनी मिळून ते ओढलं. गाडी कडेला घेतली. डबीचं झाकण काढलं तर आत लालसर फेस, उतू आलेल्या दुधासारखा काठापर्यंत. आठवड्याभरात रॅकच्या (पुढची चाकं वळवणारा स्टिअरिंगचा भाग) दोन्ही टोकांच्या रबरी बुटांमधून गळती सुरू झाली. फोरमनने रॅक उघडून आतलं ऑईल अडवणारं रबरी सील माझ्या तळहातावर ठेवलं. भिजून फुगलेल्या खोडरबरासारखं झालं होतं ते. नखाने दाबलं तर खूण तशीच राहिली.

त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये डेक्सरॉन 2 किंवा 3 प्रतीचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) टाका असं स्पष्ट लिहिलंय. पुस्तक अख्ख्या प्रवासात डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं. मला राहून राहून वाटतं की गोची आपल्या बोलण्यातच आहे. इंजिन ऑईल, गिअर ऑईल, ब्रेक ऑईल, स्टिअरिंग ऑईल, सगळंच ऑईल! ब्रेक ऑईल तर तेल नव्हेच, हे मला चाळिशीत कळलं.

*

नाशिकहून लिहितेय. माझ्याकडून स्टिअरिंगच्या डबीत कुलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) पडलं होतं. दोन्ही झाकणं काळी, जवळजवळ, आणि सकाळी ऑफिसची घाई. ओतता ओतताच झाकणावरचं स्टिअरिंगच्या चाकाचं चित्र दिसलं आणि हात थांबला. गाडी सुरू केली नाही, हे माझं नशीब. शेजारच्या काकांनी मेडिकलमधून 50 मिलीची सिरिंज आणली, तिला मत्स्यालयाची बारीक नळी लावली आणि डबी कोरडी होईपर्यंत उपसली. नवं भरून पुन्हा उपसलं, असं तीनदा. दोन वर्षं झाली, काही त्रास नाही. त्या काकांचे उपकार मी विसरणार नाही.

*

कोल्हापुरात माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं हेच काम करतोय. वरच्या दोन्ही गाड्यांत फरक एकाच गोष्टीचा आहे: इंजिन सुरू झालं की नाही. बंद गाडीत जे पडलं ते बहुतेक डबीतच राहतं. सुरू केली की पंप ते पाईपातनं रॅकपर्यंत पोचवतो.

ब्रेक ऑईल ग्लायकॉल जातीचं असतं. स्टिअरिंगचे सील बहुतेक नायट्राइल रबराचे, त्यांना खनिज तेल चालतं, ग्लायकॉल चालत नाही. सील फुगतो, मऊ पडतो आणि गळतो. कुलंटमध्ये पाणी असतं, म्हणजे पंपाला वंगण नाही आणि आत गंज. इंजिन ऑईल पडलं तर तितकी घाई नसते, पण ते जाड आहे, काढायचंच.

आमच्याकडं अशी गाडी आली की पुढची चाकं जॅकवर उचलतो, परतीचा पाईप डबीवरनं काढून बाटलीत सोडतो आणि डबीचं ते तोंड बंद करतो. इंजिन बंदच. पोरगा आत बसून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवतो, मी वरनं योग्य ऑईल घालत राहतो. बाटलीत स्वच्छ रंग यायला लागेपर्यंत. एक लिटरवर भागत नाही, दोन धरा. नंतर इंजिन चालू करून हवा काढायची, पण टोकाला स्टिअरिंग दाबून धरायचं नाही.

आणि एक कळकळीनं सांगतो. स्टिअरिंगचं ऑईल गाडी खात नाही. कमी झालं म्हणजे कुठंतरी गळतंय. दादा, तुमच्या इनोव्हात चिपळूणच्या आधीच गळती होती.

*

नागपूर. आमच्याकडे उलटं झालं, आणि ते जास्त वाईट. मेहुण्याची स्विफ्ट. तिचं पॉवर स्टिअरिंग विजेवर चालतं, त्यात ऑईलच नसतं. हे ठाऊक नसलेल्या पोऱ्याने डबी शोधली आणि लाल एटीएफ ब्रेकच्या डबीत भरलं. दोन दिवसांनी वर्धा रोडवर गाडी ओढेनाशी झाली, चारही चाकं तापली, पेडल दगडासारखं. ब्रेकमधलं रबर वेगळं, त्याला खनिज तेल चालत नाही. मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत रबर असलेला एकेक भाग बदलावा लागला. नुसतं धुऊन भागणार नाही, असं तीन ठिकाणी विचारलं तरी तेच उत्तर मिळालं. बहीण सात महिन्यांची गरोदर होती आणि गाडीत बसली होती. यापुढे लिहवत नाही.

*

न्यू जर्सीत राहतो. जुनी अकॉर्ड घेतली तेव्हा भारतातल्या सवयीने एटीएफ टाकलं. तिथे तर सगळ्यांत तेच घालायचो! होंडाचं म्हणणं मात्र त्यांचं स्वतःचंच पॉवर स्टिअरिंग फ्लुइड टाका, एटीएफ नको; झीज वाढते आणि थंडीत स्टिअरिंग बिघडतं. जानेवारीत पटलं. पहाटे उणे दहाला पार्किंगमधून काढताना पंप कण्हायचा. बदललं, दोन आठवड्यांत आवाज गेला.

*

मुंबई. पहिल्या पिढीची ऑक्टेव्हिया, तिच्यात हिरवं लागतं, लाल नव्हे. रंग पाहून ओळखता येतं असं मात्र कुणी समजू नये. जुनं झालं की सगळं काळपटच दिसतं.

*

ठाणे. हा धागा वाचतोय कारण आत्ता, अर्ध्या तासापूर्वी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्याकडून हे झालंय. जुनी बोलेरो. बाटलीवरचं लेबल फाटलेलं आहे, आत काय होतं कळत नाही. गाडी सुरू केलेली नाही. काय करू?

*

कोल्हापूर पुन्हा. किल्ली घरात ठेवा. वाटीत पाणी घ्या, बाटलीतले चार थेंब सोडा. तेल वर तरंगतं. ब्रेक ऑईल पाण्यात मिसळून जातं. ते रंगावर सांडू देऊ नका, रंग निघतो. आणि सिरिंज आणा.

*

ठाणे. मिसळलं. वाटीत काहीच दिसत नाही. मुलगी मेडिकलमध्ये गेलीय.

*

ठाणे पुन्हा. 120 मिली निघालं, डबी तळापर्यंत कोरडी केली. नळी खालच्या पाईपात जाईना. टो करून नेतोय, गॅरेजवाल्याला वरची पद्धत वाचून दाखवली. तो म्हणाला, दोन लिटर घेऊन या.