अनुभव सांगा: कमावत्या पोराला वेगळं बिऱ्हाड करायला कसं लावलंत?

सोलापुरात रडगाणं सहसा उलटं असतं. पोरं हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेली ती गेलीच, आणि वरच्या मजल्याला कुलूप. त्यामुळे ज्यांचं पोरगं तिशी उलटली तरी घरातनं हलत नाही, त्यांनी बोलायचं कुणाशी? 'नशीबवान आहात की ओ' म्हणून लोक गप्प करतात. शिकणारी, आजारी, नोकरी गेलेली पोरं सोडून द्या. धडधाकट आणि कमावत्यांबद्दलच लिहा. नावं नकोत.

जुळे सोलापूर, आई
आमचा 2020 साली लॉकडाऊनमध्ये पुण्याची खोली सोडून लॅपटॉपसकट आला. कंपनीनं नंतर बोलावलं, तर यानं घरूनच काम करायची नोकरी शोधली. अकराला उठणार, 'नाष्टा काय?' विचारणार. पगार माझ्या नवऱ्याच्या पेन्शनीपेक्षा जास्त. समजावणं, रागावणं, मामाला मध्ये घालणं सगळं झालं.

शेवटी पाण्यानं काम केलं. आमच्याकडं पाणी काही दिवसांआड, आणि तेही अवेळी. मी सांगितलं, यापुढं मोटर तू लावायचीस, माझे गुडघे चालत नाहीत. पहिल्याच पाळीला पहाटे गजर वाजत राहिला. मी जागी होते, हेही जागे होते. कुणी उठलं नाही. सकाळी नळाला फुस्स. ऑफिसची मीटिंग तोंड न धुता केली त्यानं, मग टँकर मागवला, पैसे भरले, दिवसभर आमच्याशी बोलला नाही. पुढच्या पाळीला उठला, त्याच्या पुढच्याला परत झोपला. महिना-दीड महिन्यात सैफुल भागात फ्लॅट बघून आला. कारण विचाराल तर, 'तिथं बोअर आहे, चोवीस तास पाणी.' आईनं घालवलं असं कुठंच म्हणत नाही. मीही म्हणत नाही.

पूर्व भाग, यंत्रमागवाले
तुमच्याकडं निदान वरचा मजला असतो. आमच्यात खाली माग, वर सगळे. सून आली तशी चूल वेगळी केली, छप्पर तेच. सून विड्या वळते. कुंभारीला रे नगरात असंघटित कामगारांची घरं झाली, 15,000 घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते वाटल्या, त्यात तिचा नंबर लागला. घर तिच्या नावावर, म्हणून पोरगंही गेलं मागोमाग. अंतर पडतं, रिक्षाला पैसे जातात, कुरकुर चालू असते. पण पोरगं रोज मागावर येतं आणि मजुरीचा हिशेब आता चोख होतो. आधी घरातच असल्यानं मजुरी मागायचं त्याला अवघड वाटायचं, द्यायचं मला.

होटगी रोड, मुलगा
दुसरी बाजूही ऐका. 'जा' म्हणणारी आईच बॅग भरली की डोळ्याला पदर लावते. आणि जाऊ कुठं? एकट्या पोराला घर देताना मालक विचारतो, गाव कोणतं? सोलापूरच म्हटलं की संपलं. घर असताना बाहेर राहतोय म्हणजे काहीतरी भानगड असणार. बार्शीचा आहे म्हणून खोटं सांगितलं तेव्हा खोली मिळाली.

दमाणी नगर, मुलगी
आम्हाला कुणी जा म्हणतच नाही ओ. वय 34, नर्स आहे, लग्न केलेलं नाही. वेगळं राहते म्हटलं तर वडील म्हणाले, 'लोक काय म्हणतील?' भाऊ मात्र बायकोसकट आमच्याच हॉलमध्ये.

प्रांत कार्यालयातून निवृत्त
प्रकरण हातघाईवर आलं असेल त्यांच्यासाठी. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा आहे, अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे होतो. घर स्वकष्टार्जित असेल तर सज्ञान मुलगा तिथं आईवडिलांच्या मर्जीनं राहतो, हक्कानं नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयानं 2016 मध्ये म्हटलंय. वाडवडिलार्जित वाड्यात मात्र त्याचा हिस्सा निघतो, तिथं हे चालणार नाही. सून घरात असेल तर आणखी जपून. तिच्या निवाऱ्याचा हक्क 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आहे आणि 2007 च्या कायद्याच्या आडून तो सहज उडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलं. आणि प्रेमात येऊन बक्षीसपत्र करू नका. करायचंच असेल तर सांभाळण्याची अट त्यात लिहून घ्या.

बाकी, तारखेला बरेच बाप त्याच पोराच्या गाडीवर मागं बसून यायचे. हेही बघितलंय.

विजापूर रोड, वडील
आमचा म्हणाला संक्रांतीची गड्डा यात्रा होऊ दे. संक्रांत झाली तर म्हणे पाडवा. पाडव्याला मीच एजंट घरी आणला. डिपॉझिट मी भरलं, करार मात्र त्याच्या नावावर आणि रीतसर नोंदवून. मालक माझी सही मागत होता, दिली नाही. भाडं थकलं तर फोन मला नको.

आता दर रविवारी जेवायला येतो, ते बरंय. पण येताना आठवड्याचं धुणं आणतो आणि ही निमूट मशीन लावते. त्यावर कुणाकडं इलाज असेल तर लिहा.