नेटवर्किंग मीटिंगमध्ये 30 सेकंदांत स्वतःची ओळख: मसुदा तपासून हवा आहे

बॉक्सवाला
नमस्कार मंडळी. नेटवर्किंग मीटिंगमध्ये, म्हणजे व्यावसायिक एकमेकांच्या ओळखी करून घ्यायला भेटतात तिथे, प्रत्येकाला 30 सेकंद मिळतात, मग घंटा. व्यवसाय पुठ्ठ्याच्या बॉक्सचा. सध्याचा मसुदा असा:

"नमस्कार, मी अमुक अमुक. आमच्या कंपनीची स्थापना 2009 साली झाली. आम्ही पॅकेजिंग क्षेत्रात कार्यरत असून दर्जेदार उत्पादने आणि तत्पर सेवा हे आमचं वैशिष्ट्य आहे. आम्ही थ्री-प्लाय, फाइव्ह-प्लाय, सेव्हन-प्लाय बॉक्स, डाय-कट बॉक्स, पार्टिशन, रोल, शीट असं सगळं बनवतो. कोणत्याही उद्योगाला पॅकिंग लागतंच, त्यामुळे कोणालाही गरज असेल तर जरूर कळवा. धन्यवाद."

वेळेत बसतं, पण नंतर कोणी विचारायला येत नाही. काय काढू? आणि मध्यंतरात उभ्याउभ्या ओळख होते तेव्हाही हेच बोलायचं का?

मुद्द्याचं_बोला
मसुदा लांब नाही, जेमतेम पन्नास शब्द आहेत. सावकाश, स्पष्ट बोललं तर मिनिटाला साधारण 120 शब्द होतात, म्हणजे 30 सेकंदांत साठ. अडचण शेवटच्या वाक्यात आहे. "कोणालाही गरज असेल तर" हे ऐकून समोरच्याला एकही चेहरा आठवत नाही. समोर बसलेले बहुतेक जण तुमचे गिऱ्हाईक नसतात, पण त्यांच्या ओळखीत तुमचं गिऱ्हाईक असू शकतं. म्हणून त्यांना कुणाची तरी आठवण होईल असं बोलायचं.

"दर्जेदार" आणि "तत्पर" हे शब्द आधीच्या दहा जणांनी वापरलेले असतात, ते जाऊ द्या. स्थापनेचं सालही काढा. प्लायची, म्हणजे पुठ्ठ्याच्या थरांची, यादी ज्याला कळते त्याला नवी नाही, ज्याला कळत नाही त्याच्या डोक्यावरून जाते. त्याऐवजी एक अडचण, ती तुम्ही कशी सोडवता हे डोळ्यासमोर उभं राहील अशी एक कृती, आणि एक नेमकी विनंती:

"मी अमुक अमुक. काचेचा माल पाठवताना फुटतो, तो फुटू नये म्हणून आम्ही पुठ्ठ्याचे बॉक्स बनवतो. वस्तूचं माप घेऊन आत कप्पे बसवतो, म्हणजे एक बरणी दुसरीवर आदळत नाही. नमुन्याचा बॉक्स तुमच्याच मालाने भरून, पाडून दाखवतो. ऑनलाइन विक्रीसाठी बरण्या, दिवे किंवा आरसे बनवणारं कोणी ओळखीचं असेल, तर त्यांच्याकडे पॅकिंग बघणाऱ्या माणसाशी माझी गाठ घालून द्या. अमुक अमुक, काचेच्या मालाचे बॉक्स."

साठच्या आत बसतं. "पाडून दाखवतो" हे खरोखर करत असाल तरच ठेवा. नसाल तर जे करता ते तितक्याच उघड शब्दांत सांगा. एखाद्या ग्राहकाचं उदाहरण द्यायचं झालं तर त्याच्या परवानगीशिवाय नाव घेऊ नका.

बॉक्सवाला
पण आम्ही सुट्या भागांसाठी, कापडासाठी, औषधांसाठीही बॉक्स देतो. नुसतं काचेचं बोललं तर बाकीची कामं हातची जाणार नाहीत का?

मुद्द्याचं_बोला
नाही जात. "काच नीट पोचवतो" हे लक्षात राहिलेला माणूस "कापडाचं पॅकिंग करता का?" असं स्वतःहून विचारतो. "सगळं करतो" म्हणणाऱ्याबद्दल विचारायला काही धागाच सापडत नाही. मीटिंग ठरावीक दिवसांनी भरत असेल तर विनंती दर वेळी बदला, आज काच, पुढच्या वेळी सुटे भाग. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र महिनोन्महिने तेच ठेवा. तुम्हाला त्याचा कंटाळा येतो तेव्हा कुठे इतरांना ते पाठ व्हायला लागतं.

आवाज_आणि_उच्चार
मजकूर वरचाच घ्या. बोलण्याबद्दल थोडं.

सगळ्यात जास्त घाई स्वतःच्या नावाची होते, कारण आपल्याला ते पाठ असतं. ऐकणाऱ्याला ते नवं असतं. नाव आणि आडनाव सुटं बोला, मग एक श्वास थांबा. म्हणूनच नाव शेवटी पुन्हा घ्यायचं: पहिल्यांदा लोक चेहरा बघतात, दुसऱ्यांदा नाव टिपतात. कंपनीचं नाव नुसत्या आद्याक्षरांचं असेल तर ते सोडून द्या, कार्डावर आहेच.

सराव फोनवर रेकॉर्ड करून, उभं राहून करा. मनातल्या मनात वाचलेलं नेहमी कमी वेळात संपतं. 25 सेकंदांवर थांबेल असं बसवा, त्यासाठी वरच्या मजकुरातले थोडे शब्द कमी करावे लागतील. उरलेले पाच उठण्यात आणि नावानंतरच्या थांब्यात जातात. घंटेने कापला जातो तो शेवटचा भाग, आणि नेमकी तिथेच विनंती आणि नाव असतं. जीभ अडखळते तो शब्द बदला, घोकत बसू नका. माइक असेल तर तोंडापासून वीतभराच्या आत धरा आणि मान वळवाल तिकडे तोही न्या.

सुरुवात प्रश्नाने करायची असा सल्ला बरेच जण देतात. तीस सेकंदांत तो परवडत नाही. लोक उत्तर द्यायचं की नाही या विचारात पडतात आणि तुमचं पुढचं वाक्य वाया जातं.

कार्डाची_मागची_बाजू
मध्यंतराचं कोणी बोललं नाही. तिथे 30 सेकंदांचं भाषण नको, समोरचा हातात कप घेऊन अडकून पडतो. नाव, एक वाक्य, आणि लगेच त्याला प्रश्न: "तुम्हाला कशा प्रकारचं गिऱ्हाईक हवंय?" त्याचं उत्तर त्याच्या कार्डाच्या मागे दोन शब्दांत लिहून ठेवा, पण तो बाजूला गेल्यावर. आपलं कार्ड बोलणं झाल्यावर द्या. आधी दिलं तर तो कार्ड वाचतो, तुमचं ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी निरोप पाठवाल त्यात ते दोन शब्द आले पाहिजेत, नाहीतर तो सगळ्यांना धाडलेल्या निरोपासारखा वाटतो.

बॉक्सवाला
मध्यंतरासाठी हे कसं वाटतं: "मी अमुक अमुक, ट्रान्झिट डॅमेज कमी करणारी पॅकेजिंग सोल्यूशन्स देतो"?

कार्डाची_मागची_बाजू
"सोल्यूशन्स" म्हणजे नक्की काय, हे समोरच्याला विचारावं लागेल, आणि बहुतेक जण विचारत नाहीत. "काचेच्या बरण्या न फुटता पोचतील असे बॉक्स बनवतो." एवढंच म्हणा आणि त्याच्याकडे बघा.